राखोलीच्या गेटातून आत गेलेला फोन

मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. मित्रांनो, मला जळायची सवय आहे. जन्मतः नव्हती, नंतर लागली.

माझी पिढी दुसरी. पहिलीतले पूर्वज विटेएवढे होते म्हणे आणि फक्त बोलायचे. आम्ही बोलायचो, शिवाय चार ओळींचे निरोप पोचवायचो. तेवढ्यावर मी माजलो होतो. शिरपूरहून सिल्वासाला आलेल्या वाल्मिकभाऊंनी मला घेतलं, तेव्हा राखोलीच्या धाग्याच्या कारखान्यात माझ्या रिंगटोनवर दोन माणसं नाचली होती. मग तिसऱ्या पिढीने इंटरनेट आणलं, चौथीने बोलणाऱ्याचा चेहरा. चेहरा दिसू लागल्यावर आवाजाला कोण विचारतो?

शेवटी घरात पाचव्या पिढीचा तो आला. अंगावर धड बटण नाही, तरी सगळे त्याला दिवसभर कुरवाळतात. मला कोणी कुरवाळलं नाही, दाबलं. माझं सिम कापून बारीक केलं आणि त्याच्या पोटात घातलं. डाळीच्या डब्याचं झाकण उघडू नये म्हणून मी त्यावर बसलो.

मग श्रुतीला, भाऊंच्या मुलीला, बाळंतपणासाठी शिरपूरच्या दवाखान्यात नेलं. अवघड आहे, असं डॉक्टर म्हणाले. भाऊंना पाळीवर बदली माणूस मिळेना, आणि कारखान्यात कॅमेऱ्याचा फोन नेता येत नाही.

"मी काय गेटवर कान ठेवून जाऊ?" भाऊ म्हणाले.

"याले घेऊन जा ना," त्यांच्या पत्नी मंजुळाबाईंनी मला उचललं. "याले डोळेच नाहीत. वॉचमन काय बोलणार?"

बारीक सिम माझ्यात खुळखुळलं. मंजुळाबाईंनी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची चौकट कापून ते बसवलं.

गेटवर भावेश वॉचमनने मला उलटंसुलटं पाहिलं. "वाल्मिकभाई, इसमें तो कुछ है ही नहीं. जाव."

इतका मोठा सन्मान मला कधी मिळाला नव्हता. तो पाचव्या पिढीचा मात्र गेटवरच्या खोक्यात पडला. मी वळून पाहिलं असतं, पण मान नाही.

दुपारपर्यंत फोन आला नाही. भाऊ सारखे मला खिशातून काढून बघत. बॅटरीची एकच काडी उरली, तेव्हा मी थरथरलो.

"मामा, मुलगी झाली," जावई विशाल म्हणाला. "दोघी बऱ्या आहेत."

भाऊ मला कानाला लावूनच खाली बसले. माझी बटणं ओली झाली. मित्रांनो, तो क्षण माझा होता. साधारण सात सेकंद.

"कोणावर गेली रे?"

"फोटो टाकला ना मामा, बघा."

भाऊंनी मला समोर धरलं. माझ्याकडे दाखवायला घड्याळ होतं. मी ते दाखवलं.

जेवणाच्या सुट्टीत ते गेटकडे धावले, माझ्यातलं सिम काढलं आणि खोक्यातल्या त्या नव्याला दिलं. नात त्याने दाखवली. ती कशी आहे, मला अजून माहीत नाही.

म्हणून विनंती आहे. जुन्या फोनला महिन्यातून एकदा तरी चार्ज करा. आणि घरात बाळाचा फोटो आला, तर ते कसं दिसतं ते आमच्याजवळ बसून सांगा. माझी पिढी ऐकणारी आहे.