तिरपा फुगा

त्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम होणार होणार म्हणता म्हणता तिथल्या मांजरांच्या चार पिढ्या झाल्या, आणि प्रत्येक पिढीला आपणच जागेचे मालक आहोत असं वाटत राहिलं. मधे एकदा तिथे टॉवर आला, पण कागदावरच. तो इतका उंच होता की नाक्यावरचा सलूनवाला म्हणाला, "वरच्या मजल्यावर कुणाची दाढी करायला निघालो, तर मी पोहोचेपर्यंत माझीच वाढलेली असेल!" लोकांनी असा काही गिल्ला केला की बिल्डरला कागद गुंडाळावा लागला.

आता नवा आराखडा आला होता, आणि तो काढणारी याच गल्लीत वाढलेली होती. लहानपणापासून कानावर पेन्सिल अडकवून हिंडायची, म्हणून गल्लीने तिचं नावच पेन्सिल ठेवलं. पेन्सिल आता चाळिशीला टेकली होती आणि बिल्डरच्या ऑफिसात आर्किटेक्ट होती.

तिला वाढवलं आत्याने. आत्याची लाँड्री प्लॉटला अगदी खेटून. खाली धुलाई, वर गच्चीवर दोऱ्याच दोऱ्या, आणि दोऱ्यांवर शहरातल्या निम्म्या लॉजांच्या चादरी. त्या गच्चीवरचं ऊन काय सांगावं! एका गिऱ्हाइकाने ओली टोपी तासभर वाळत ठेवली, तर ती आटून त्याच्या नातवाला बसली, असं आत्या शपथेवर सांगायची. वाळवायची यंत्रं घेण्याची तिची ऐपत नव्हती. ऊन गेलं की लाँड्री गेली, इतका साधा मामला.

"आत्या, तुझं ऊन जाणार नाही," पेन्सिलने पहिली रेघ ओढायच्या आधी शब्द दिला होता. तेव्हा ते खरं होतं. मग बिल्डर रोज येऊन "बाई, अजून जरासं, अगदी जरासंच" म्हणत मजले चढवत गेला. पेन्सिल रेघा वाढवत गेली आणि आत्याकडे जायचं टाळत गेली.

प्लॉटवरच्या फलकावर नवी उंची लिहिली होती. मीटरमध्ये, अगदी खरी. पण मीटर काय कुणाच्या डोळ्यांना दिसतात? म्हणून नगररचना खात्याच्या साहेबांनी फुगा उडवायला लावला. होणाऱ्या इमारतीच्या उंचीएवढा दोर, त्याच्या टोकाला लाल फुगा. तो जिथे थांबेल तिथे इमारतीचा माथा. लोकांनी बघावं, हरकती सांगाव्यात, आणि शेवटी हात वर करून कौल द्यावा.

रविवारी सकाळी सगळी गल्ली प्लॉटवर लोटली. फुगा सुटला, सरसर चढला, आणि त्याच वेळी वारा सुटला. वारा तरी कसला! निवृत्त मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र वाचून व्हायच्या आत पुढच्या गल्लीतल्यांनी वाचायला घेतलं. फुगा आडवा झाला, दोर तिरपा ताणला गेला, आणि फुगा पलीकडच्या गोदामावर, आत्याच्या पाण्याच्या टाकीपेक्षा थोडासाच वर, डुलत राहिला.

"एवढाच?" सलूनवाला म्हणाला.

"अरे, हा तर आमच्या शाळेपेक्षा जरा मोठा," मास्तर म्हणाले. "उगीच महिनाभर झोप घालवली."

पेन्सिलने मनातल्या मनात हिशेब केला. दोर सरळ उभा राहिला असता तर फुगा याच्या दुप्पट उंच गेला असता. तिने बिल्डरकडे पाहिलं. तो आकाशाकडे असा पाहत होता, जणू वारा त्यानेच भाड्याने आणलाय.

"साहेब," पेन्सिल हळूच त्याला म्हणाली, "हे बरोबर दिसत नाहीये."

"तुमचं काम कागदावरचं. ते उत्तम झालंय," तो ओठ न हलवता म्हणाला. "वाऱ्याचं काम वाऱ्याला करू द्या. नोकरी आवडते ना?"

खात्याच्या साहेबांनी हरकती विचारल्या. कुणी पुढे येईना. मग आत्याच पुढे आली. गल्लीत आत्याने मान हलवली की गल्लीची मान हलायची.

"पहिल्या टॉवरला सगळ्यात जास्त शिव्या मी घातल्या," आत्या म्हणाली. "पण हा माझ्या पोरीने काढलाय. तिने मला शब्द दिलाय, आणि फुगा तुम्ही बघताच आहात. माझी हरकत नाही."

पेन्सिलचे डोळे फुग्यावर खिळले. आता थांबेल वारा, आता थांबेल, असं ती मनात घोकत राहिली. वारा पडला की आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. पण वारा बिल्डरच्या बाजूचा निघाला.

"मग बाजूने असतील त्यांनी हात वर करा," खात्याचे साहेब म्हणाले.

पहिला हात आत्याचा. साबणाने पांढरा पडलेला, बोटांची टोकं सुरकुतलेली. त्याच्यामागे मास्तरांचा, मग सलूनवाल्याचा, मग हातांचं रानच उगवलं.

"खाली घ्या!" पेन्सिल ओरडली. "आत्या, हात खाली घे! दोर तिरपा झालाय. इमारत काही वाकून उभी राहणार नाही. ती याच्या दुप्पट आहे."

हात तसेच वर राहिले. मग गंमत अशी झाली की लोक तिच्यावरच उखडले.

"डोळ्यांनी दिसतंय ना आम्हाला!" मास्तर म्हणाले.

"बाई फार नम्र आहेत," बिल्डर हसत म्हणाला. "थकल्यात जरा. साहेब, हात मोजा."

"एकही हात मोजायचा नाही," आत्या म्हणाली. ती फुग्याकडे पाहतच नव्हती. पेन्सिलच्या चेहऱ्याकडे पाहत होती. "वारा पडू दे. मी थांबते. ज्याला घाई असेल त्याने जावं."

कोण जातंय! सगळे माना वर करून उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं, पोरं रडायला लागली, बिल्डर तीनदा घड्याळ बघून शेवटी खिशात हात घालून उभा राहिला. आणि मग, कुणी दार लावून घ्यावं तसा, वारा थांबला.

दोर सैल पडला, पुन्हा ताणला गेला. फुगा सरकत मधोमध आला आणि चढू लागला. टाकी खाली राहिली, शाळा खाली राहिली. तो चढतच राहिला. हनुवट्या त्याच्याबरोबर वर जात होत्या. सलूनवाल्याची टोपी मागच्या मागे पडली, तरी त्याने ती उचलली नाही. फुगा थांबला तेव्हा तो बोराएवढा दिसत होता.

"बाजूने?" खात्याच्या साहेबांनी विचारलं.

एकही हात वर नव्हता.

"आराखडा नामंजूर," ते म्हणाले.

"उद्यापासून ऑफिसात येऊ नका," बिल्डर पेन्सिलला म्हणाला, आणि गाडीचं दार असं आपटलं की मांजरं प्लॉट सोडून पळाली.

गर्दी पांगली. फुगा खाली घ्यायला कुणीच उरलं नव्हतं. पेन्सिलने दोर ओढायला सुरुवात केली. मागून अजून दोन हात दोरावर आले.

"तुला कधी कळलं?" आत्याने विचारलं.

"वारा सुटला तेव्हाच."

"तसं नाही. ऊन जाणार हे कधी कळलं?"

पेन्सिल दोराकडेच बघत राहिली. "दोन महिने झाले."

"दोन महिने," आत्या म्हणाली. "आणि आज सगळ्यांच्या देखत मी तुझ्या शब्दावर हात वर केला."

"आत्या, चुकलं माझं."

"ते दिसतंय." आत्याने पाय रोवले. "एवढ्यात माफबिफ करेन असं समजू नकोस. दोर हातातून सुटेल. ओढ."