गोरा उजेड

सदाशिवरावांनी सलोनीची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. बाजारात वांगं किडकं तर नाही ना म्हणून उलटंसुलटं करतात, तशी तिची मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली आणि गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा सावरत म्हणाले, "झकास. म्याडम, हिच्यावर जमलं म्हणजे साऱ्या जिल्ह्यावर जमलं."

वैष्णवीनं लॅपटॉपवरून मान वर केली. आधी तिला त्या वाक्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिचं लक्ष सदाशिवरावांच्या बोटांकडे गेलं. सुपारी चोळून चोळून तपकिरी झालेली, नखांत चुना भरलेली बोटं. ती तिच्या पाच वर्षांच्या लेकीच्या हनुवटीला लागली होती आणि तिथं ओलसर डाग उमटला होता.

"काका, हात लावू नका तिले," ती म्हणाली.

"अवो, नातीसारखी हाय मले," सदाशिवराव हसले. काउंटरमागं ब्लाउजपिसांच्या घड्या घालणाऱ्या त्यांच्या बायकोनं, तानाबाईंनी, आरशात डोकावून पाहिलं. "पोट्टी तर ओळखूच येऊन नाही राह्यली. नाकीडोळी चांगलीच होती वो, रंगानंच घात केलता बिचारीचा."

सलोनी आरशाकडे बघून हसत होती. वैष्णवीनंही आरशात पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. गालिच्यावर उभी होती ती तिची मुलगी, पण आरशात भलतीच कोणी होती. गुलाबी, धुतलेल्या बटाट्यासारखी सपाट, नाकाशेजारची सावलीसुद्धा पुसून टाकलेली. आणि ते पुसणारा हात तिचा स्वतःचा होता.

मुळात कल्पना चांगली होती. साडी घेणारी कुठलीही बाई दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही. ती काउंटरवरून पदर उचलते, थेट दुकानाच्या दारात जाते आणि उन्हात रंग पाहते. आत डाळिंबी दिसलेली साडी बाहेर विटकरी निघते आणि सौदा फिसकटतो. वैष्णवी यवतमाळच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, नवरा कपिल वायरमन. दोघं मिळून नवरात्रातल्या मंडळांचे देखावे उजळवायचे. शाळेच्या गॅदरिंगसाठी तिनं फुलपाखराचे पंख केले होते, पोरांनी हात हलवले की पंखांवरून उजेड वाहत जायचा. सदाशिवरावांनी लग्नाच्या साड्यांचं दुकान नव्यानं सजवायला काढलं, तेव्हा ती म्हणाली होती, बाईला उन्हात न्यायचं कायले, ऊनच आत आणू. आरशाभोवती दिव्यांच्या पट्ट्या, गालिच्याखाली वजन ओळखणारा सेन्सर. बाई गालिच्यावर उभी राहिली की दुकानातले बाकीचे दिवे हळूहळू मंदावतील आणि आरशातून सकाळी दहाचं ऊन उगवेल. तिनं त्या सेटिंगला नावही 'ऊन' दिलं होतं.

मग सदाशिवराव रोज येऊन थोडं थोडं मागत गेले. "जरा हिरवं कमी करा." तिनं केलं. "जरा समोरून वाढवा, सावली नको तोंडावर." वाढवलं. "आता थोडी गुलाबी." तिचे डोळे जरीवर आणि आकड्यांवर होते. जर चमकतेय, काठ उठतोय, एवढंच ती बघत होती. नव्या सेटिंगला नाव काय द्यायचं विचारलं तर ते म्हणाले, "टाका, 'गोरं'." तिला तेव्हा हसू आलं होतं. आता त्या हसण्याचीच शिसारी आली.

आणि सलोनीला उभं केलं होतं तेही तिनंच. उजेड नुसत्या साडीवर बसवता येत नाही. साडीला अंग लागतं, चेहरा लागतो. कपिल शिडीवर, ती लॅपटॉपशी. बालवाडी सुटल्यावर पोरीला दुसऱ्या कोणाच्या भरवशावर ठेवायची वैष्णवीची छाती होत नसे. समोर असावी, दिसत राहावी, म्हणून तिनं तिच्या खांद्यावर पदर टाकला होता आणि हातात बिस्किटाचा पुडा दिला होता. तीन दिवस पोरगी डोळ्यांसमोर होती आणि तीन दिवस तिला ती दिसली नव्हती.

आता तिनं ओढणीच्या टोकानं लेकीची हनुवटी पुसली. दोनदा, तीनदा. "आई, दुखते ना," सलोनी म्हणाली, तेव्हा थांबली.

संध्याकाळी घरी ती कणीक मळत होती. आतल्या खोलीत खूप वेळ आवाज नाही म्हणून हात तसेच घेऊन डोकावली. सलोनी कपाटाच्या आरशासमोर उभी होती. पावडरचा डबा उघडा होता, कपाळ-गाल पांढरेफटक, भुवयांवरही पावडर. पायाखाली तिनं स्वयंपाकघरातलं पायपुसणं आणून टाकलं होतं. त्यावरून ती उतरायची, पुन्हा चढायची, आणि वर बल्बकडे बघायची.

"काय करून राह्यली गं?"

"दुकानातली मी घरी काहून येत नाही?"

वैष्णवीच्या बोटांना कणीक चिकटलेली. तिला तीही एकदम घाण वाटली, ओली, मेलेल्या कातडीसारखी. मोरीवर जाऊन तिनं हात धुतले, तरी बोटांमधलं बुळबुळीतपण जाईना.

"तो दिवा असतो बाळा. खोटा असतो."

"मग आपल्या घरी पण खोटा लाव ना."

कपिल जेवायला बसला तेव्हा तिनं विषय काढला. तो दिवसभर शिडीवर होता, त्याचे खांदे आखडलेले. त्यानं भाकरी मोडली. "अवं, लाइट हाय तो. फोटोवाले नाही करत का? पार्लरवाल्या नाही करत का?"

"त्याईनं आपल्या पोरीवर मोजून पाह्यलं का कधी? सगळ्यात काळी कोण, तर ही, म्हणून हिच्यावर? तुम्ही शिडीवर होते, तुम्ही नाही ऐकलं?"

"ऐकलं."

"मग?"

कपिलनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. "म्हाताऱ्याच्या जिभेले काही हाड नाही," तो म्हणाला. "पर रविवारी उद्घाटन हाय. दुकान पाहाले शेजारचे दोन शेठ येऊन राह्यले, त्याईलेही असंच पाहिजे. यापुढं पोरीले नको आणू तिथं, विषय संपला."

"विषय तिच्या डोक्यात हाय, दुकानात नाही."

"मग तू काय करशीन? दिवे काढून आणशीन?"

सलोनी ताटातला वरणभात चिवडत होती. तिच्या कानामागं पावडर राहिली होती, घामानं तिच्या गुठळ्या झाल्या होत्या. वैष्णवीनं त्या अंगठ्यानं पुसल्या.

रविवारी बालवाडी बंद. पोरीला न्यायचं नाही म्हणून ती सकाळपासून शेजारच्या तीन बायकांची तोंडं मनात पारखत बसली आणि शेवटी घेऊनच गेली. दुकान झेंडूच्या माळांनी भरलेलं. गुलाबपाण्याच्या फवाऱ्याखाली नव्या गोंदाचा आणि खर्ऱ्याचा वास दबत नव्हता. सदाशिवराव पांढऱ्या सदऱ्यात, प्रत्येकाला आरशाकडे वळवत होते. "या, या. असला आरसा साऱ्या जिल्ह्यात नाही. खोटं नाही बोलत."

पहिलं गिऱ्हाईक मुकुटबनची नवरी. सोबत आत्या, मोठ्या आवाजाची, हातात मोबाइल. नवरीचं नाव कोणी घेत नव्हतं, सगळे तिला नवरीच म्हणत होते. शेतात कापूस वेचताना उन्हानं भाजलेले हात, चेहरा सावळा, तरतरीत. तिच्या खांद्यावर वांगी रंगाचा शालू टाकून तिला गालिच्यावर उभं केलं. दुकानातले दिवे मंदावले, कोणाला कळणार नाही इतके सावकाश, दोन श्वासांइतके. आरशातून गुलाबी पांढरा उजेड चढला.

नवरीनं आरशात पाहिलं आणि तिचा हात आपोआप गालाकडे गेला.

"बापा," आत्या म्हणाली. "हे आपलीच पोट्टी हाय ना? उभी राहाय, हालू नको. फोटो काढते. पोराकडच्याईले हाच धाडते. आधीचा फोटो पाहून नाक मुरडत होते बोडखे."

तानाबाई पुढं झाल्या, पदर सारखा केला. "पाहा, असं असते. दिव्यानंच काम भागते, वर्षभर हळद चोळत बसा कायले?"

बायका हसल्या. वैष्णवी कोपऱ्यात लॅपटॉपशी उभी होती. सगळ्यांच्या हसण्यात तिला कसलातरी चिकट आवाज ऐकू येत होता, उष्ट्या बोटांचा. ती नवरीचं हसणं बघत होती. त्यात काही वाईट नव्हतं, साधं, आनंदाचं होतं, आणि म्हणूनच ते बघवत नव्हतं.

मग नवरीनं, बायका करतात तेच केलं. कोणी सांगितलं नाही, सवयच. पदराचं टोक धरलं आणि रंग बघायला दारात गेली. ऊन तिच्या हातावर पडलं, शालूवर पडलं. शालूचा रंग तोच राहिला, वांग्याचा वांगी. दाराच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि तिचं हसू गेलं. तिनं मागं वळून दुकानातल्या आरशाकडे पाहिलं, पुन्हा काचेत.

"आत ये लवकर," आत्या ओरडली. "उन्हात नको उभी राहू. आतच चांगली दिसतं तू."

नवरी आत आली. मान खाली. गालिच्याजवळ आली, पण आता वर चढेना.

तेवढ्यात सलोनी आईच्या हाताखालून निसटली आणि गालिच्याकडे धावली. "आता माझी पाळी."

"ये, ये. आमचा नमुना आला," सदाशिवराव म्हणाले. "पाहा हो बायांनो, हिले आधी उन्हात पाहा अन् मग इथं पाहा." त्यांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, तिला दाराकडे वळवलं, सगळ्यांना दाखवलं. मग आरशाकडे वळवायला लागले.

वैष्णवीचा हात लॅपटॉपवर गेला. तिनं 'गोरं' निवडलं आणि पुसून टाकलं. खरंच पुसू का, असं यंत्रानं विचारलं. तिनं हो म्हटलं. मग 'ऊन' लावलं.

सलोनी गालिच्यावर चढली. आरशातून सकाळी दहाचं ऊन उगवलं. नाकाशेजारची सावली परत आली, कपाळावरचा कांजण्यांचा व्रण, गालावरचा बिस्किटाचा चुरा. आणि तिचा रंग, कपिलचा, कपिलच्या आईचा, जसा आहे तसा. नवरी वाकून बघायला लागली. कोणी हसलं नाही.

"म्याडम, हे काय केलं?" सदाशिवरावांचा आवाज हळू होता. गिऱ्हाईक होतं ना.

"तुम्हाले ऊन पाहिजे होतं. पहिल्या दिवशी तेच ठरलं होतं."

"आधीचं लावा."

"नाही हाय आता."

"नाही म्हणजे?"

"पुसलं."

शिडीजवळ कपिल उभा होता. त्यानं वैष्णवीकडे पाहिलं, मग सदाशिवरावांच्या हाताकडे, जो अजून सलोनीच्या खांद्यावर होता. तो पुढं आला आणि तो हात उचलून बाजूला केला. मग शिडीची घडी घालायला लागला.

"नागपूरहून माणूस बोलावतो," सदाशिवराव म्हणाले. "सांजेपर्यंत पुन्हा बसवून देईन तो. कायची मोठी विद्या हाय त्यात?"

ते खरं होतं. वैष्णवीला माहीत होतं. तिनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि पोरीला न्यायला वळली.

सलोनी गालिच्यावरच उभी होती. खाली उतरली, पुन्हा चढली, जसं घरी केलं होतं. ऊनच आलं. मग तिला रडू फुटलं. "ते कुठं गेली?"

"कोण?"

"ते चांगली होती ते."

वैष्णवीनं तिला उचललं. पोरगी हातपाय झाडत होती, आरशाकडे मान वळवत होती. आत्या म्हणाली, "रडवली ना पोट्टीले. काय बाई तरी." वैष्णवीनं पोरीला खांद्याशी दाबून धरलं. ती झेंडूच्या माळेखालून बाहेर पडली.

बाहेर भर दुपार होती. कपिल गाडीवर शिडी बांधत होता. "जा तुम्ही पायी, मी येतो," तो म्हणाला. तिनं सलोनीला खाली ठेवलं. रस्त्याच्या या कडेला दुकानांच्या पत्र्यांची हातभर सावली पडली होती. सलोनी भिंतीला खेटून त्याच पट्ट्यातून चालायला लागली. पत्रा संपला तिथं थांबली, पुढच्या सावलीपर्यंत पळाली, पुन्हा भिंतीला चिकटली.

"अशी काहून चालतं?"

"उन्हात नको ना," सलोनी म्हणाली, नवरीच्या आत्याच्याच स्वरात.

वैष्णवी थांबली. मग तिनं लेकीचा हात धरला आणि रस्ता ओलांडून उन्हाच्या बाजूला आली. पोरगी आली, ओढली गेली म्हणून आली. सारा रस्ताभर ती एका हातानं आईचं बोट धरून आणि दुसऱ्या हातानं तोंड झाकून चालत राहिली.