हॉलमधली मोटरसायकल

आमच्या हॉलमध्ये पूर्वी जिथं दिवाण होता, तिथं आता मोटरसायकल उभी आहे. पाहुणे आले की आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. मी कोणाला काही सांगत नाही. बसा म्हणते, चहा टाकते. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, गाडी काही हौसेनं चढवत नाही कोणी, एवढं ज्याचं त्याला कळायला हवं.

गाडी यांची. म्हणजे वासुदेवरावांची, माझ्या नवऱ्याची. सिंदी रेल्वेच्या बाजारात ते कापसाची प्रत ठरवायचे. चिमटीत कापूस धरून ओढला की धाग्याची लांबी सांगत, आणि व्यापारी त्यावर वाद घालत नसत. सेलूचं आमचं घर ते सिंदी, रोज याच गाडीवर. आता त्यांना आज कोणता वार ते सांगता येत नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते चंचलनं लिहून घेतलं. चंचल आमची मुलगी, सावंगीला नर्स आहे, म्हणून आम्ही तिच्याकडे राहायला आलो. मी नाव लिहून घेतलं नाही. नाव कळून काय करायचं होतं?

इथं आल्यावरही ते सकाळी शर्ट घालून खाली उतरत, किक मारत आणि निघत. सिंदीला. बाजार उघडायच्या आत पोचायचं असे. दोनदा सापडले. तिसऱ्या वेळी पेट्रोल संपलं म्हणून सेलूच्या पुढं हायवेवर गाडी धरून उभे होते, बाजूनं ट्रक जात होते. एका चहावाल्यानं त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून फोन केला. घरी आणल्यावर चंचल खूप रडली. मी पोहे केले. पाय मुंग्या येऊन बधिर होतो ना, तसं माझं सगळंच झालं होतं. पोह्यांत मीठ आहे की नाही तेही मला कळलं नाही.

किल्ली लपवून पाहिली, तर दुसरी करून आणली. गाडी शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवली, तर तिला शोधत अनवाणी रेल्वे फाटकापर्यंत गेले. विकायला काढली, तर बघायला आलेल्या माणसाची कॉलर धरून चोर चोर म्हणून ओरडले. म्हणजे गाडी दिसली तरी जाणार, नाही दिसली तरी जाणार. एक ना एक दिवस रस्त्यावरून पुन्हा फोन येणार, आणि तो काही चहा पाजून बसवलंय सांगायला नसणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"वरतच नेऊ," चंचल एक दिवस म्हणाली. "डोळ्यासमोर तं राहीन. रस्ता नाई राहणार."

ताराचंद मिस्त्रीनं पेट्रोल काढलं, बॅटरी काढली, आरसे आणि लेगगार्ड उतरवले. वरच्या मजल्यावर मेडिकलची पोरं राहतात, त्यातला कार्तिक दोन मित्रांना घेऊन आला. खालचे भैयाजी दारातून बघत होते.

"वहिनी, घरात गाडी? आग-बिग लागली तं?"

"पेट्रोल काढलं, भैयाजी. तुमच्या बिडीपेक्षा कमी धोक्याची हाय आता."

पण माणूस वाईट नाही, बिडी विझवून मागच्या कॅरिअरला हात लावायला आले.

पहिला जिना कसाबसा झाला. वळणावर हँडल कठड्यात अडकलं. एक म्हणे वर ओढा, एक म्हणे खाली घ्या, ताराचंद सगळ्यांवर ओरडत होता. तेवढ्यात हे बनियनवरच घराबाहेर आले. मी धरायला गेले तर माझा हात बाजूला करून तडक खाली उतरले.

"सोडा, सोडा! असं ओढता काय? कापसाची गाठ चढवून राह्यले का कडब्याची पेंढी?"

सगळे थांबले.

"मागचं चाक टेकवा खाली. हां. समोरचं उचला, पूर्ण उभी करा. आता फिरवा. घाई नाई. माह्या बोलावर उचलजा. हां, चला!"

बाजारात हमालांवर चालायचा तोच आवाज. पोरं मुकाट ऐकायला लागली आणि गाडी वळणातून अलगद सुटली. मी वरच्या पायरीवर उभी होते. त्या वेळी मला ते फार आवडले. या वयात असं लिहायला लाजावं की काय ते मला ठाऊक नाही, पण आवडले.

गाडी दारात आली. यांनी हात पुसले, माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "कोनाची हाय हे गाडी?"

"हाय एका माणसाची."

"येडाच दिसते. दुसऱ्या मजल्यावर कोनी गाडी नेते का?"

आणि हसले. पोरंही हसली. चंचल स्वयंपाकघरात निघून गेली. मीही हसले. दुसरं काय करणार?

संध्याकाळपर्यंत गाडी त्यांना ओळखू आली. तिच्या टाकीवरून हात फिरवला, चढून बसले. तेव्हापासून तोच नेम झाला. आंघोळ करायची, खिशाला पेन लावायचा, गाडीवर बसायचं. बऱ्याच वेळानं उतरून म्हणायचं, "आज आवक कमी होती," आणि जेवायचं. जिन्याकडे फिरकत नाहीत. चंचलला झोप लागायला लागली. जमलं, असं ती म्हणते, आणि जमलंच आहे.

परवा मी हॉल झाडत होते. ते गाडीवर होते. झाडू चाकाजवळ आला तसा त्यांनी ब्रेक दाबला आणि माझ्याकडे बघितलं.

"एवढ्या उन्हात पायी काऊन चालल्या, बाई? बसा. सेलूपर्यंत सोडून देतो."

जन्मभर मला "चंचलची माय" म्हणून हाक मारणारा माणूस. अगं-तुगंशिवाय बोलला नाही कधी. आता मला "तुम्ही" म्हणत होता, परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीनं. मी झाडू भिंतीला लावला, पदर खोचला आणि मागं एका बाजूला पाय सोडून बसले. स्टँड करकरलं.

"कोनाच्या घरी सोडू?" त्यांनी विचारलं.

"वासुदेवरावाच्या."

"ओळखतो त्याले. कापसाच्या बाजारात असते." त्यांनी ॲक्सिलेटर पिळला, थोडं पुढं वाकले. "तो भेटन का नाई, सांगता येत नाई आता. पण बायको असते घरी. कुठी जात नाई ते बिचारी."

मला वाटलं होतं, आता दुखायचं काही उरलं नाही. उरलं होतं.

"मंग तिथंच सोडा मले," मी म्हटलं आणि त्यांच्या खांद्याला धरून बसले.