चंपकलता न्हवं, धोंडी

माझी भैन धोंडी काळी व्हती. तव्याच्या बुडासारखी काळी, दात पुढं, आन् इतकी फाटक्या तोंडाची की मंचरच्या बाजारात भाजीवाले तिला बघून आधीच भाव उतरवायचे. तिला म्हणं चंपकलता! चंद्रावानी मुखडा, हरणावानी डोळं! वा रं वा, अमृतशेठ! मेलेलं माणूस उठून थोबाडीत मारत न्हाई म्हणून काय बी लिवायचं व्हय?

अमृतलाल शेठ म्हंजे आमच्या मंचरातले भुसार मालाचे दुकानदार. धोंडी त्यांच्या घरी धुणंभांडी करायची. ती पलेगात गेली, तिच्या जागी मी लागले. पलेगाच्या घरातली पोर दुसऱ्या कुणी दारात उभी केली नसती, शेठनं ठेवली. मला वाटायचं, किती थोर मन माणसाचं!

बऱ्याच वर्सांनी शेठनं कादंबरी लिवली, ती पुण्याला छापून आली. 'चंपकलता अथवा एका हृदयाचा दाह.' गावात नुसता बोलबाला. दुपारी आमी बाया डाळ निवडीत बसलो की शेठची बायको, प्यारीबाई, ती मोठ्यानं वाचून दाखवायच्या. खोटं कशाला बोलू, मी बी पदरानं डोळं पुसलं.

मग पुस्तकात आला पलेग. नायकाची आई तापानं फणफणलेली, तपासणीचा गोरा साहेब दारात उभा, आन् आईला वाचवायला नायक चंपकलतेकडं बोट करतो. "तिच्या बाहूवर एक क्षुल्लक व्रण होता," प्यारीबाई वाचत व्हत्या, "तो रोगाचा नव्हे, हे त्या अभाग्यास पुरते ठाऊक होते."

माझ्या हातातलं सूप तिथंच ऱ्हायलं.

बाहूवर व्रण! काखमांजरी व्हती ती, काखेतलं साधं गळू! धोंडीच्या काखेत ती झाली तवा शेठच्या आई, सुमतीबाई, सोताच्या हातानं तिला पोटीस बांधायच्या. शेठच्या घरात समद्यांना ठावं; धोंडीनं मला बी सांगितलेलं, पण साहेबानं नेली तवा मला वाटलं, ती पलेगाचीच गाठ. मग सुमतीबाईच तापानं पडल्या. त्यांच्या पर्युषणाचे, उपासाचे दिस. शेठनं साहेबाला सांगितलं, आईचा आठ दिसांचा उपास हाय, तिला शिवू नका. पण घरात ताप हाय ही खबर साहेबाला आधीच लागलेली, रिकाम्या हातानं तो जायचा न्हाई. मग शेठनं धोंडीला पुढं करून तिचा हात वर करायला लावला. काखेत गाठ, पलेगाची खूण! झालं, गावाबाहेरच्या सरकारी झोपड्यांत नेऊन घातली, खऱ्या रोग्यांत. तिथं तिला खरंच पलेगानं धरलं. सुमतीबाई बी गेल्या, पण त्या उपासात गेल्या म्हणून केवढा मान! आन् आमी इतकी वर्सं समजत व्हतो की रोग धोंडीनंच आणला.

पुस्तकाच्या शेवटी चंपकलता मरताना म्हणती, "नाथ, मी आपणांस क्षमा केली." आरं, कोण नाथ? भाकरी करपली म्हणून दोन दिस अबोला धरणारी माझी धोंडी, ती माफ करंल? माझ्या अंगाची लाही लाही झाली.

प्यारीबाईंनी पुस्तक मिटलं. त्यांचा चेहरा उतरला व्हता. "साळुबाई," त्या म्हणाल्या, "ही तुमची धोंडाबाई ना?"

"न्हाई," मी म्हणलं. "ही तुमच्या मालकांची चंपकलता. माझी धोंडी यात कुठंच न्हाई."

थोड्याच दिसांत संवत्सरी आली. त्या दिशी शेठलोक घरोघर जात्यात, हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत्यात. सालभरात जाणता-अजाणता कुणाला दुखावलं असंल तर माफी. समोरच्यानं बी हात जोडायचे, की संपलं. अमृतशेठ दरसाल आमच्या बी दारी यायचे. माझी आई बयाबाई, डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी, एवढा माणूस आपल्या दारी येतो म्हणून हरकून जायची.

आईला मी काय बोलले न्हाई. पण मनाशी ठरवलं, आवंदा शेठच्या तोंडून वदवायचं. धोंडीचं नाव घिऊन, समद्या आळीम्होरं. भैनीवरचा बट्टा पुसायचाच.

शेठ आले. पांढरं धोतर, उपासानं सुकलेलं तोंड. "बयाबाई, साळुबाई, मिच्छामि दुक्कडम्."

आईनं बसल्या जागी हात जोडले. मी ते धरून खाली केले.

"कशाची माफी, शेठ?"

"वर्षभरात जे काही—"

"वर्साचं ऱ्हाऊ द्या. धोंडीचं बोला."

शेजारणी दारात आल्या. शेठ आवाज खाली आणून म्हणाले, "मी सगळं लिहिलंय, साळुबाई. लिहिताना फार रडलोय मी."

"रडला असाल! तुमचं रडू छापून आलं, लोक तुमच्यासाठी हळहळले. धोंडीच्या नावानं कोण रडलं? आमच्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं! माझं जमलेलं लगीन मोडलं! माफी द्यायला तुमच्या पुस्तकात चंपकलता हाय, हितं मी हाय. बोला. नाव घिऊन बोला!"

शेठनं दारातल्या शेजारणींकडं बघितलं. मग ते बोलले, आळीला ऐकू जाईल असं बोलले. "धोंडाबाईला रोग नव्हता. ती काखमांजरी होती, मला माहीत होतं. आईला वाचवायला मी तिला पुढं केलं. मी मारलं तिला."

माझी छाती भरून आली. ऐकलंस का गं धोंडे, असं वरडावंसं वाटलं.

"साळू," आई म्हणाली, "धोंडीला रोग नव्हता?"

"नव्हता, आई. नेली तवा नव्हता."

आई भिंत धरून उठली. "मी गेले व्हते गं त्या झोपड्यांपाशी. तुला कधी सांगितलं न्हाई. काट्याच्या कुपाच्या पल्याड उभी व्हती ती. म्हणली, आये, मला काय बी झालं न्हाई, मला घरी ने. मला वाटलं, तापात बरळती. घरात तुझ्या भावाची पोरं ल्हान. मी तिला म्हणलं, जवळ येऊ नको. तरी ती कुपातनं यायला लागली, तवा मी दगड उचलला, साळू. माझ्या लेकीवर दगड उचलला."

आईनं चाचपडत माझा हात धरला.

"ते शेठ काय म्हणत्यात गं माफीचं? मला बी शिकव. मला धोंडीला म्हणायचंय."

शेठ तिथंच उभे, डोळ्यांतून धारा. त्या धारा बघितल्या आन् माझं डोकंच फिरलं.

"निघा!" मी वरडले. "निघा हितनं! आन् खबरदार, शेठ, हे कुठं लिवाल तर!"