घड्याळजींची लेक आणि माझा सिंह

मी एक जुने, जड आणि दिसायला थोडे विचित्र असे यंत्र आहे. मित्रांनो, डोळ्यांच्या दवाखान्यात एक खोली आहे. तिचे पडदे दिवसाही ओढलेले असतात. तिथल्या टेबलावर मी बसते. मला खेकड्याच्या नांग्यांसारख्या दोन वाकड्या नळ्या आहेत. प्रत्येक नळीच्या टोकाला एक दिवा आहे आणि दिव्यापुढे काचेवर काढलेले चित्र. मुले माझ्या खाचेत हनुवटी टेकतात, दोन नळ्यांना दोन डोळे लावतात, आणि अंधारात मी त्यांना एक स्वप्न दाखवते. डाव्या नळीत सिंह. उजव्या नळीत पिंजरा.

ज्याचे दोन्ही डोळे मिळून काम करतात, त्याला सिंह पिंजऱ्याच्या आत दिसतो. खरे सांगायचे तर माझा सिंह पिंजऱ्यात कधीच गेलेला नाही. दोघांच्या मध्ये वीतभर अंधार आहे. तो अंधार ओलांडून सिंह जातो, ते बघणाऱ्याच्या डोक्यात. कारखान्यात ज्या कारागिराने माझे आरसे बसवले, त्याने शेवटी स्वतः डोळे लावून पाहिले आणि "गेला बाबा आत" असे पुटपुटत मला खोक्यात भरले. माणसाच्या तोंडचे मी ऐकलेले ते पहिले शब्द.

या खोलीत मुलांच्या डोळ्यांचे व्यायाम घेणाऱ्या ताई असतात. माझ्या मुठी धरून कितीतरी वर्षे त्या मुलांना सिंहामागे धावायला शिकवत आल्या आहेत. ऊबदार कपाळे, काचेवर जमणारी श्वासांची वाफ, खिशातल्या गोळ्यांचा वास. मला मुले अशीच आठवतात. पण एक मुलगी मला पुरती आठवते. घरी तिला ठकी म्हणत.

ठकी सहा वर्षांची होती. शाळेत डोळे तपासायला आलेल्या बाईंनी तिचा उजवा डोळा झाकला, तेव्हा तिने शांतपणे विचारले, "चित्रं का पुसलीत?" चित्रे भिंतीवर होती तिथेच होती. तिच्या डाव्या डोळ्याचा नंबर फार मोठा होता आणि ते कोणालाच, तिलासुद्धा, ठाऊक नव्हते. उजवा डोळा गुपचूप दोघांचे काम करत होता.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून नंबर काढला, चष्मा दिला. काही आठवड्यांनी सांगितले की आता चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे डाव्याला काम करावेच लागेल. चष्मा ठकीला आवडला. पट्टी मात्र नको झाली. पट्टी लावली की ती दाराला धडकायची, रडायची, ओढून काढायची.

एके दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले ते कपाळाला आठ्या घालूनच. ते घड्याळे दुरुस्त करत. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत.

"ताई, ही पट्ट्यांची पाकिटं परत घ्या," ते म्हणाले. "पोर रडून रडून अर्धी झाली. आणि खरं सांगू का, एका डोळ्यानं काय अडतं? मी दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसतो. दुसरा मिटलेलाच असतो. माझा सगळा धंदा एका डोळ्यावर चालतो."

ताईंनी पाकिटांना हात लावला नाही. "भिंग कुठल्या डोळ्याला लावता?"

"उजव्या."

"कधी डाव्याला लावून बघितलंत?"

"उजवा असताना डाव्याला कशाला त्रास द्यायचा?"

"बसा जरा इथे," ताई म्हणाल्या. "पुष्कळदा हे घराण्यातच असतं."

घड्याळजी हसत हसत माझ्यासमोर बसले. त्यांच्या बोटांना घड्याळाच्या तेलाचा बारीक वास होता.

"काय दिसतंय?"

"पिंजरा. रिकामा."

"आणि सिंह?"

"कुठला सिंह? तुमचा डावीकडचा दिवा गेलाय."

माझे दोन्ही दिवे लख्ख जळत होते. ठकी बापाच्या कोपराशी उभी होती. "मलापण रिकामाच दिसतो बाबा," ती म्हणाली. तिला वाटत होते, हा खेळ असाच असतो.

ताईंनी उजव्या नळीपुढे हात धरला. आता नुसता सिंह उरला. घड्याळजींनी डोळा बारीक केला.

"काहीतरी पिवळं आहे," मग ते म्हणाले. "पाण्यात विरघळल्यासारखं. हाच का तुमचा सिंह?"

"हाच."

त्यांनी मान वर केली नाही. माझ्या नळ्यांतच बोलल्यासारखे ते हळू बोलले, "लहानपणी मला चेंडू झेलता यायचा नाही. पोरं म्हणायची, हाताला लोणी लावून आलाय. मला वाटायचं, आपले हातच तसले."

"हात चांगलेच आहेत की. एवढुसे स्क्रू बसवता," ताई म्हणाल्या. "डाव्या डोळ्याचं म्हणणं मेंदूनं ऐकायचंच सोडून दिलं, एवढंच. लोक आळशी डोळा म्हणतात. आळस कसला? त्याला कुणी काम दिलंच नाही."

"मग आता माझं काय?"

"तुमचं फार जुनं झालं. उगीच आशा लावत नाही. हिचं मात्र आत्ता होईल. उशीर केला तर उद्या हिलाही मला हेच सांगावं लागेल."

घड्याळजींनी पाकिटे पुन्हा पिशवीत टाकली आणि लेकीचा हात धरून निघून गेले.

पुढच्या खेपेला ठकी माझ्या खाचेत हनुवटी टेकूनच बडबडत होती. हनुवटी हलली की माझ्या नळ्याही थरथरत.

"सुट्टीच्या दिवशी बाबांनी पण पट्टी लावली. त्यांच्या चांगल्या डोळ्यावर. चहा कपाच्या बाहेर ओतला. आई म्हणाली, एक पट्टीवालं होतं ते कमी पडलं का मला. मग आम्ही फिरायला निघालो, तर बाबा जिन्यात अडकले."

"मग?" ताईंनी विचारले.

"मग मी हात धरला. सांगितलं, घाई करू नका, आधी पाय टेकवा, मग भार द्या. मला सवय आहे ना."

घड्याळजी दाराशी उभे राहून ऐकत होते. "कोपऱ्यापर्यंत घेऊन गेली मला," ते म्हणाले. "आणि मी हिच्यावर ओरडायचो, डोळे फुटलेत का, नीट बघून चाल." ताईंनी उगाच माझी एक काच काढून पुसली.

त्यानंतर ठकी पट्टी लावून रोज संध्याकाळी दुकानात बसू लागली. घड्याळांचे काटे निवड, लहानमोठे स्क्रू वेगळे कर, अशी बारीक कामे बाप तिला देई. रडणे एका दिवसात थांबले नाही. कधी कधी महिना महिना अक्षरांच्या तक्त्यावरची एकही ओळ पुढे सरकत नसे आणि ताई नुसत्याच "हूं" म्हणत. माझ्यातला सिंह तिला आधी सावलीसारखा दिसला. मग पिवळा झाला. मग पिंजऱ्याजवळ आला की नाहीसा होऊ लागला. आणि एका दुपारी ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "गेला. शेपूट बाहेर राहिलंय." ताईंनी मूठ अलगद फिरवली. शेपूटही आत गेले.

बऱ्याच दिवसांनी ताईंनी माझ्यात चित्रांची नवी जोडी बसवली. दोन्हीकडे झोक्यावर बसलेली मुलगी, जवळजवळ सारखीच. दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहिले तरच त्या सपाट काचांमधून झोका बाहेर येतो. ठकीने डोळे लावले आणि झटकन डोके मागे घेतले.

"काय झालं गं?" घड्याळजींनी विचारले.

"झोका अंगावर आला."

घड्याळजी तिच्या जागी बसले. त्यांनी खूप वेळ पाहिले. त्यांच्यासाठी ती मुलगी काचेला चिकटलेलीच राहिली. "मला नाही येत गं तो," ते म्हणाले.

ठकी त्यांच्या खांद्याला टेकून उभी राहिली. "मी सांगते. दोऱ्या लांब मागे आहेत. फळी जरा अलीकडे. गुडघे तिच्या पुढे. आणि पाय सगळ्यात पुढे, बाबा, तळवे दिसतात. तुमच्या नाकापाशी आलेत."

घड्याळजींनी डोळे नळ्यांवरून काढले नाहीत. फक्त त्यांचे डोके किंचित मागे सरकले, कोणाला तरी जायला वाट द्यावी तसे.

ठकी आता माझ्याकडे येत नाही. तिला गरज उरलेली नाही. बरीच मुले हल्ली पडद्यावरचे खेळ खेळून डोळ्यांना शिकवतात, आणि माझ्यावर निळे कापड घातलेले असते. कापडाखाली दिवे बंद असतात, तरी सिंह आणि पिंजरा एकमेकांसमोर असतात, आणि मला वाटते की आम्ही तिघेही पेंगत आहोत.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आज घरी कोणाला तरी सोबत बसवून आधी एक डोळा झाका, मग दुसरा. जग दोन्हीकडून सारखेच दिसते का ते बघा. तुमच्या धाकट्या भावंडालाही बघायला सांगा. थोडाही फरक वाटला तर घाबरू नका, पण लपवूही नका, लगेच सांगा. फरक वाटला नाही, तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन याच. वर्गात कोणी पट्टी लावून आले तर त्याला जिन्यावर आपला हात द्या. मी या कापडाखाली कितीही वर्षे थांबू शकते. लहान डोळ्याला तेवढे थांबता येत नाही.