नुसता ‘आ’

“निवेसबाई, सूर जागेवर आहे, पण रडू कुठाय?” संगीतकार माएस्त्रो तोल्लो रेकॉर्डिंगच्या काचेमागून विचारत होते. शेजारी दिग्दर्शक कपाळाला आठ्या घालून बसला होता. “पडद्यावरच्या बाईचा मुलगा बुडून मेलाय. आणि तुम्ही गॅसवर दूध ठेवून आल्यासारख्या गाताय.”

चाळीस वादकांपैकी निम्मे हसले. निवेसही हसली. बावीस वर्षं ती रोमच्या स्टुडिओंमधून सिनेमासाठी गात होती, आणि गात होती म्हणजे नुसता ‘आ’. शब्द नाहीत, श्रेयनामावलीत नाव नाही. पडद्यावर नटी खिडकीशी उभी राहायची, मागून निवेसचा आवाज यायचा आणि लोक नटीसाठी रुमाल काढायचे. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायलाही सवड लागते.

आज तिचं सगळं लक्ष दाराबाहेरच्या फोनकडे होतं. तिचा नवरा एर्मेते चार दिवस इस्पितळात होता. आजचं काम सोडलं तर पुढच्या वेळी दुसरीलाच बोलावतील, म्हणून त्यानेच तिला हाकललं होतं. “जा गं. तीन तासांची तर पाळी. तेवढ्यात मी काही पळून जात नाही.” निघताना तिने सिस्टर फुल्जेन्झियाच्या हातात स्टुडिओचा नंबर दिला होता. फोनपाशी बसणाऱ्या दुइलियोलाही बजावून ठेवलं होतं, “फोन आला तर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला असला तरी आत ये.”

“येतो की, बाई.”

साडेदहाला दुइलियो आत आला. पण तिच्याकडे नाही, काचेमागे गेला. माएस्त्रोंच्या कानाशी काहीतरी बोलला आणि मान खाली घालून परतला.

“माझा होता का?”

“निर्मात्याचा,” माएस्त्रो म्हणाले. “चला, पुन्हा एकदा.”

पुन्हा एकदा, मग पुन्हा एकदा. पावणेबाराला फोन परत वाजला. दुइलियो पुन्हा काचेमागे गेला. या वेळी माएस्त्रो स्वतः तिथून बाहेर आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. वर लाल दिवा जळत होता. तो तिला दिसला, पण त्याचा अर्थ नंतर लागला.

“निवेसबाई, एर्मेते गेला.”

एवढं बोलून त्यांनी वादकांना हाताने खूण केली.

तिच्या तोंडून जे निघालं त्याच्याखाली व्हायोलिनं सुरू झाली. आणि बावीस वर्षांची मेली सवय इतकी चिवट, की तो हंबरडा आपोआप सुरात जाऊन बसला. ती शेवटपर्यंत गायली. त्याची लाज तिला जन्मभर पुरली.

“हेच,” काचेमागून दिग्दर्शक म्हणाला. “हेच हवं होतं.”

इस्पितळात सिस्टरने तिचे हात हातात घेतले. “मी साडेदहालाच फोन केला होता. तुम्हाला विचारत होता तो. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता.”

शरद ऋतूत सिनेमा तिच्या वस्तीतल्या थिएटरात लागला. निवेस कुणाला न सांगता दुपारच्या खेळाला जाऊन बसली. तोल्लोला तिने रोज शिव्याशाप दिले होते, तरी तो आवाज तिला ऐकायचा होता. त्या दिवशी एर्मेतेला द्यायला तिच्याकडे तेवढंच होतं. नदी आली, आई धावत आली, व्हायोलिनं आली. मग तिचा ‘आ’ आला. स्वच्छ, गोड, गॅसवर दूध ठेवून आलेला. शेजारची बाई भोपळ्याच्या बिया सोलता सोलता डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी नव्या सिनेमाची पाळी होती. तिने दुइलियोला गाठलं.

“माझा तो शेवटचा का नाही घेतला?”

दुइलियो तिच्याकडे बघेना. “दिग्दर्शकांना नंतर खोटा वाटला, बाई. म्हणाले, खरी माणसं असं रडत नाहीत.”

“आणि पहिला फोन?”

“माएस्त्रो म्हणाले, पाळी संपू दे. मी काय करणार?”

“काही नाही,” निवेस म्हणाली.

फोन टेबलावर जागच्या जागी होता. त्याच्याबद्दल कुणाला बजावून ठेवण्यासारखं आता तिच्याकडे काही नव्हतं. तिने कोट खुंटीला अडकवला, आत जाऊन माइकसमोर उभी राहिली आणि लाल दिवा लागायची वाट बघू लागली.