टकरीचा म्हाळू

मी एडका बोलतोय. साधासुधा नाही, टकरीचा. वडवणीजवळच्या डोंगराकडेला मेंढपाळांची वाडी आहे, तिथल्या हरिबाचा म्हाळू म्हणजे मी. हसू नका. मेंढराच्या जातीला काय सांगायचं असतं, असं तुम्हाला वाटत असेल. पण निजामाच्या मुलखात एके काळी माझ्या नावाची दवंडी पिटायचे. आता एक शिंग उरलंय आणि एकच डोळा. स्वभाव मात्र तोच आहे, तिरसट.

मी तीन आठवड्यांचा होतो तेव्हा मेंढवाड्यात लांडगा शिरला आणि माझ्यादेखत त्यानं आईचा गळा फोडला. हरिबाची बायको भामाबाई काठी घेऊन धावली, तोवर आईचं पाय झाडणं थांबलं होतं. मग भामाबाईनंच मला वाढवलं. शेळीच्या दुधात फडकं भिजवायची आणि माझ्या तोंडात धरायची. पोट भरलं की मी तिच्या गुडघ्यावर डोकं आपटायचो.

"लई आगाव हाय मेलं," म्हणायची, आणि पुन्हा फडकं भिजवायची.

हरिबानं ते आपटणं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. त्यानं मला कळपातून वेगळं काढलं. भिजवलेला हरभरा, गूळ, तूप, सगळी चंगळ. माणसाच्या पोराला मिळत नाही ते मला मिळायचं. त्या बदल्यात रोज सकाळी एकच काम. बाभळीच्या बुंध्याला हरिबा घोंगडी गुंडाळायचा, मला वीस पावलं मागं न्यायचा आणि सोडायचा. मी कुचराई केली की मागून चाबूक बसायचा. महिन्याभरात चाबकाची गरज उरली नाही. काळी घोंगडी दिसली की माझे पाय आपोआप मागं सरायचे, मान खाली जायची आणि पुढचं मला काही आठवत नसायचं.

हरिबाचा धाकटा भाऊ बिभीषण एकदा म्हणाला, "दादा, घोंगडीवर कावून शिकवतूस? आपल्या समद्यांच्या अंगावर घोंगडीच असती."

"खुळा हायेस का बे? माझा एडका मला वासानं वळखतो," हरिबा म्हणाला.

बुंध्याला काहीतरी बांधायचं, आणि हाताशी होती ती घोंगडी. मेंढपाळाच्या घरात दुसरं असतं तरी काय?

माझी पहिली टक्कर चौसाळ्याच्या बाजारात झाली. समोर एक पांढरा एडका होता, माझ्यापेक्षा बोटभर उंच. चौथ्या धडकेला त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि तो मटकन खाली बसला. आमच्या टकरीत एक रीत आहे. हरलेला एडका घरी परत जात नाही. रिंगणाच्या कडेलाच त्याची मान कापतात आणि मटणाचा पहिला वाटा जिंकणाऱ्याच्या माणसांना देतात. पांढऱ्याचे पाय अजून हलत होते तोवर सुरी फिरली. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. लोक हलगी वाजवत होते, माझ्या शिंगांवर गुलाल टाकत होते, आणि मला ते गोड लागलं.

त्या गर्दीत आमच्या भागाचे जहागीरदार होते. त्यांनी त्यांच्या दिवाणजीला, राधाकिशनला, पुढं पाठवलं. राधाकिशन म्हणाला, "हरिबा, आजपासून हा एडका सरकारांच्या नावानं लढंल. जवर जिंकतोय तवर तुमच्या वाडीची मेंढरं सरकारांच्या रमण्यात फुकट चरतील. हरला की रमणा बंद."

रमणा म्हणजे जहागीरदारांचं राखीव कुरण. हरिबानं दिवाणजीचे पाय धरले.

मग पाच वर्षं मी तेच केलं. गेवराई, माजलगाव, पाटोदा. कुठं किती फोडले ते मी मोजलं नाही. एकाचा जबडा लोंबकळत होता तरी तो उभा राहिला, तेवढा मला आठवतो. बायका माझ्या कपाळाला हळद लावायच्या. माझ्या डोक्यात रात्रंदिवस घण पडत असायचे, हे त्यांना कोण सांगणार? डावा डोळा पाटोद्याला गेला. हरिबानं त्यात चुना-हळद भरली आणि आठव्या दिवशी मला पुन्हा बुंध्यापुढं उभं केलं. भामाबाई तेवढी चिडायची.

"आता बास करा की. मुकं जनावर हाय."

"मग तीनशे मेंढरं तुझ्या पदराखाली चारू का?" हरिबा विचारायचा.

सहाव्या वर्षी पाऊसच आला नाही. डोंगर करपला. लोक बाभळीचा पाला ओरबाडून जनावरांना घालू लागले. गवत फक्त रमण्यात उरलं होतं, आणि रमणा माझ्या डोक्यावर उघडा होता. तशात इंग्रजी मुलखातून शेर नावाचा एडका आला. चौसाळ्याला टक्कर ठरली.

टक्कर चार दिवसांवर आली आणि हरिबाला हिवताप भरला. तशा तापातही तो सकाळी माझा हरभरा घेऊन आला. थंडी वाजत होती म्हणून डोक्यापासून घोंगडी पांघरलेली. पाटी ठेवायला तो खाली वाकला.

वास-बिस काही नसतं हो. मला घोंगडी दिसली.

त्याच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो भिंतीवर आदळला, खाली पडला, आणि मी पुन्हा मागं सरून कमरेवर दुसरी दिली. लोकांनी मला दांडक्यांनी झोडपलं तेव्हा कुठं मी थांबलो. बिभीषण कुऱ्हाड घेऊन आला. भामाबाई आडवी आली.

"सर वैनी. दादाला मारलं यानं."

"जित्ता हाय तुजा दादा. याला तोडलास तर उद्या मेंढरं काय खातील, तुजी कुऱ्हाड?"

आतून हरिबाचा आवाज आला, अगदी बारीक. "भामे, तू ने त्याला."

आजवर रिंगणात कधी बाई उतरली नव्हती. भामाबाई उतरली. हरिबाची घोंगडी तिच्या काखेत गुंडाळलेली होती. लोक हसले. दिवाणजीनं मान फिरवली.

शेर माझ्याहून तरणा होता. पाचव्या धडकेला माझं डावं शिंग मुळातून निघालं. उरल्या डोळ्यात रक्त उतरलं. सातव्या धडकेला माझे गुडघे टेकले. आणि मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. मी पाठ फिरवली. पुरे झालं होतं मला. सुरीवाला उठून उभा राहिला. राधाकिशन माझी हार सांगायला हात वर करू लागला.

तेव्हा भामाबाई धावत शेराच्या पाठीमागं गेली. तिनं काखेतली घोंगडी काढून डोक्यावरून घेतली आणि खाली वाकली.

"म्हाळू," तिनं हाक मारली.

मी वळलो. मला शेर दिसलाच नाही. मला घोंगडी दिसली, आणि मधे काहीतरी होतं. त्या मधल्या गोष्टीची मान मोडली, ती बाजूला पडली, आणि मी तसाच पुढं गेलो. भामाबाई सरकली नाही. तिनं उजवा हात तेवढा पुढं केला. तो खांद्यापासून मोडला. ज्या हातानं दूध पाजलं तोच.

दहा माणसांनी मला धरलं. ती धुळीत बसली होती, हात लुळा लोंबत होता, तोंड पांढरंफटक. दिवाणजी धावत आला तर तिनं विचारलं काय?

"गवत आमचंच ना?"

जहागीरदारही हलले असावेत. राधाकिशननं हुकूम सांगितला. "एडका आता लढायचा न्हाई. पण तो जित्ता हाय तवर रमणा तुमचा. मेला की हुकूम सरला."

म्हणून मी जिवंत आहे. वाडीतला प्रत्येक माणूस माझं तोंड बघून थुंकतो, आणि प्रत्येक माणूस माझ्यासाठी पाणी आणतो. बिभीषण जखमेतले किडे काढतो, शिव्या देत देत. मला खरंतर मरायचंय. डोक्यातले घण आता झोपू देत नाहीत. पण डोंगर अजून काळा आहे आणि तीनशे तोंडं रमण्यात चरतायत. मेंढपाळाच्या घरचं खाल्लंय मी, इतकं तर मला कळतं.

भामाबाई डाव्या हातानं चारते. थंडीनं कुडकुडते, पण माझ्यापुढं येताना अंगावर घोंगडी घेत नाही. आत हरिबा मात्र तीच पांघरून पडलेला असतो. त्याला कुशीवर वळता येत नाही. दार उघडं राहिलं की मला ती दिसते, आणि काय सांगू, माझे पाय अजून मागं सरतात. मला दुसरं काही कुणी शिकवलंच नाही.

भामाबाई, माझी बोली तुला कळत नाही, तरी सांगतो. हरभरा कमी घातलास तरी चालेल. दोरी तेवढी पक्की बांध.